घागरीचा दगड

चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ सरळ येत येत आमच्या परसातल्या चुलीपाशी थांबली. चुलीपुढं अव्वा बसली होती आणि तव्यात भाकरी होती.

"बाई, उठा जरा," फक्कीची पाटी घेतलेला माणूस म्हणाला.

"भाकरी उतरू दे."

"सरकारी काम आहे, बाई."

"मग सरकार दोन मिनिटं थांबंल की. भाकरी न्हाई थांबत, करपती."

त्या माणसानं मागं वळून बघितलं. मागं उन्हात छत्री उघडून मोजणीदार कुलथे उभे होते. त्यांच्या शेजारी तंत्रनिकेतनाचे प्राचार्य बोंद्रे साहेब, पांढरे शुभ्र बूट आमच्या मातीत रुतू नयेत म्हणून एका फरशीच्या तुकड्यावर चढून. कुलथ्यांनी हातानंच खूण केली, थांब म्हणून. माझ्या आईनं, म्हणजे अव्वानं, भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली, टोपल्यात टाकली आणि निवांत दुसरी थापायला घेतली. तिसऱ्या भाकरीला बोंद्रे साहेबांचा धीर सुटला. त्यांनी रेघ चुलीच्या अलीकडं थांबवून पलीकडून परत सुरू करायला लावली. पलीकडं आमच्या घराची मागची भिंत होती. रेघ भिंतीला टेकली, माणूस पुढच्या दारानं आत शिरला आणि आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर, उंबऱ्यापासून पाच फुटांवर, फक्की सोडत चालत गेला.

त्या रेघेच्या पलीकडचं सगळं कॉलेजचं म्हणे. चूल, न्हाणी, धान्याची कणगी, देवाची फळी आणि त्या फळीवर हळदीचं बोट लावून ठेवलेला माझा प्रवेशाचा फॉर्म.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. गणितात मला शंभरातले एक्क्याण्णव होते आणि मला त्याच तंत्रनिकेतनात जायचं होतं.

"सतरा फूट," बोंद्रे साहेब म्हणाले. "तुमची शेवटची चार घरं आमच्या हद्दीत सतरा फुटांपर्यंत आली आहेत. पंधरा दिवसांत काढून घ्या. आम्हाला कुंपणाची भिंत घालायची आहे."

आमचं घर परसासकट सगळं मिळून बावीस फूट. सतरा गेल्यावर उरतो उंबरा आणि पुढचा ओटा.

"मग आम्ही ऱ्हायाचं कुठं?" अव्वानं विचारलं. आप्पा दूर धरणाच्या कामावर होते, दिवाळीशिवाय यायचे नाहीत. जे काही बोलायचं ते अव्वालाच.

"माळावर नवीन जागा मिळेल. मी शब्द टाकतो नगरपालिकेत."

"कंचा माळ?"

"सात मैलांवरचा. चांगली मोकळी हवा आहे." मग साहेब जरा हसले आणि पुढं जे बोलले ते मला आजही आठवलं की कानशिलं तापतात. "आणि एक सांगा बाई, कॉलेजला चिकटून राहून तुम्हा लोकांना फायदा तरी काय? तुमच्या बकऱ्या आमच्या बागेत शिरतात, तुमची पोरं आमच्या व्हरांड्यात. आम्हाला त्रास आणि तुम्हाला उपयोग शून्य."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्या कॉलेजचा पायापासूनचा दगड आमच्या माणसांनी फोडलेला. आम्ही वडार. माझ्या आज्यानं त्याच्या दर्शनी कमानीचा मधला दगड घडवला. इमारत झाली, तेव्हा काम केलेल्या अकरा कुटुंबांना कॉलेजच्या मागं नगरपालिकेनं जागा दिल्या आणि कागदावर लिहिलं, पश्चिमेला कॉलेजची हद्द. म्हणजे आम्ही कॉलेजला चिकटलो नव्हतो, कॉलेजच आमच्या हातून उभं राहिलं होतं.

आणि फायदा? माझं अख्खं बालपण म्हणजे तो फायदा होता. अव्वाच्या घरात घड्याळ नव्हतं, कॉलेजच्या घंटेवर तिची डाळ शिजायची. ड्रॉइंगच्या वर्गातून चुकलेले मोठाले कागद खिडकीखाली फेकायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढ्यांपासून प्रमेयांपर्यंत सगळं केलं. वर्कशॉपच्या मागच्या सावलीत बसलं की आतलं शिकवणं ऐकू यायचं. निम्मं कळायचं नाही, पण कान तयार झाला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रॉड.

दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरं जमीन मोजायला शिकायची. त्यांना मोजायच्या जागेवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच रॉड सरळ धरून उभं राहणारं कुणीतरी लागायचं. कॉलेजातली पोरं उन्हात उभी राहायला कां-कूं करायची, म्हणून खांबेटे सर आम्हा रांगेतल्या पोरांना हाक मारायचे. बाकीची बिस्किटाचा पुडा मिळाला की पळायची. मी आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत हलले नाही. कॉलेजच्या मागच्या कोपऱ्यात हद्दीचा एक घडीव दगड होता, गुडघ्याएवढा, वरच्या सपाट तोंडावर अधिकच्या चिन्हासारखी खूण. पोरं त्याला 'डी स्टेशन' म्हणायची. त्याच्यावर रॉड धरायचा आणि तिकडून ओरडा ऐकायचा. "वर्कशॉपच्या डाव्या कोपऱ्यापासून अठ्ठावीस चाळीस! उजव्या कोपऱ्यापासून एकतीस दहा!" सहा वर्षं, दर वर्षी पाच गट, सगळ्यांचं उत्तर तेच. लोकांना लहानपणीची गाणी पाठ असतात, मला अठ्ठावीस चाळीस आणि एकतीस दहा पाठ होतं.

साहेब आणि मोजणीदार पुढच्या घराकडं गेले. मी फॉर्म फळीवरून काढून परकराच्या ओच्यात खोचला आणि त्या पांढऱ्या रेघेच्या मागं मागं उलटी चालत गेले. मला काहीतरी खटकत होतं. रेघ आमच्या घराच्या भिंतीला तिरकी जात होती. आमच्यापासून पाचव्या घरापर्यंत ती घराबाहेर सरकली होती आणि अकराव्या घरापाशी तर परसाच्या अगदी कडेला. आता माझ्या आज्यानं बांधलेली रांग आणि ती हद्दीला तिरकी? आमची माणसं दारू पिऊन तिरकी चालतील, पण त्यांची भिंत तिरकी नसते.

परत फिरून आमच्या टोकाच्या नळापाशी आले आणि जागीच थांबले.

कुलथ्यांच्या दुर्बिणीची तिवई आमच्या रांगेच्या नळाशेजारी उभी होती. तिवईच्या मधोमध दोरीला ओळंबा लोंबत होता आणि ओळंब्याचं टोक बरोबर आमच्या घागरीच्या दगडावर, त्या अधिकच्या खुणेवर टेकलं होतं.

हा दगड तिथं अव्वानं बसवला होता. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी खडीचे ट्रक यायला लागले. एका ट्रकनं मागच्या कोपऱ्यातला डी स्टेशनचा दगड उलथून नालीत टाकला. पोरांची मोजणी तेव्हापासून पुढच्या मैदानावर व्हायला लागली, दगडाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. पंधरा दिवस अव्वा नळावर जाता-येता तो बघत होती. सोळाव्या दिवशी म्हणाली, "मामांच्या हातचा दगड नालीत लोळतोय, बघवत न्हाई बाई मला." मामा म्हणजे तिचे सासरे, माझा आजा. तिनं पहार घेतली, मी दुसऱ्या बाजूनं रेटलं, आणि आम्ही दोघींनी तो नळावर आणला. डोक्यावर घागर घेताना आधी ती गुडघ्याएवढ्या उंचीवर टेकवता आली तर कंबर वाचते. अख्ख्या रांगेतल्या बायकांनी अव्वाला दुवा दिला. अव्वानं काम कच्चं कधी केलं नाही. खड्डा खणून, खाली खडी ठोकून, चुन्यात तिनं तो असा बसवला की हत्ती टेकला तरी हलू नये. तोच घात झाला होता.

मी धावत घरी आले. अव्वा चौथी भाकरी करत होती.

"अव्वा, त्यांनी आपल्या घागरीच्या दगडापासून हद्द धरलीय!"

तिचा हात थांबला.

"दगड मूळ जागेवर असता तर रेघ आपल्या परसाच्याही बाहेर गेली असती. मी जाऊन सांगते."

"काय सांगशील?"

"की दगड आम्ही हल..." आणि मीच गप्प झाले. सकाळी रेघ मारायच्या आधी कुलथ्यांनी नळावर सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं की हद्दीच्या निशाणीला हात लावणाऱ्याला तुरुंग आहे. रांगेतल्या बायका घागरी पोटाशी धरून ऐकत होत्या. अव्वाही.

म्हणजे खरं बोलावं तर अव्वा जाते आणि गप्प बसावं तर घर जातं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अव्वानं भाकरी टोपल्यात टाकली. "किती दिसाचा तुरुंग असतोय गं?"

"मला काय ठाऊक!"

"न्हाई, म्हटलं, पंधरा दिसाचा आसंल तर घरापरास सवस्त पडतोय." आणि हसली. मला रडू फुटलं, तिला हसू. अशी बाई होती ती.

"तू रडू नगंस. तुला ते आकडे येतात नव्हं? ते अठ्ठावीस का काय?"

"येतात."

"मग तुझं तू बघ. माझं म्या बघते."

दुपारी मी खांबेटे सरांकडं गेले. सर्वे विभागाच्या खोलीत सर एकटे डबा खात बसले होते. बारीक अंगाचे, कायम हळू बोलणारे, भिंतीला पाल दिसली तरी तिला वाट देणारे. मी सगळं सांगितलं. कुणी काय हलवलं तेही. सरांचा घास हातातच राहिला.

"सर, त्या सहा वर्षांतल्या पोरांच्या वह्या तुमच्या कपाटात आहेत. त्या पाहिजेत. आणि टेप."

"यमुना," सर म्हणाले, "मला निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलंय. बोंद्रे साहेबांना ही भिंत म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट झालीय."

"मी तुमचं नाव घेणार नाही."

"नाव न घेऊन कसं चालेल? वह्यांवर सह्या माझ्या आहेत."

मी उभी राहिले. सर डबा बंद करत बसले, परत परत तेच झाकण. माझं डोकं तापलेलं होतं, तोंडाला कुलूप नव्हतं. मी म्हटलं, "सर, तुम्हीच पोरांना सांगायचा. मोजलेला आकडा खोडायचा नाही. चुकीचा वाटला तरी खोडायचा नाही, बाजूला दुसरा लिहा, पण जे मोजलं ते वहीत राहिलं पाहिजे. मी रॉड धरून ते ऐकलंय, शंभरदा."

मी निघून आले. माझं तोंड बघूनच अव्वाला काय ते कळलं. तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या घंटेला बोंद्रे साहेब नोटिसा घेऊन आले. बरोबर कुलथे. अकरा घरांची माणसं नळापाशी जमली. साहेबांनी पहिली नोटीस अव्वापुढं धरली आणि मी मध्ये उभी राहिले.

"साहेब, हा दगड मूळ जागेवर नाही."

"कोण ही?"

"माझी लेक," अव्वा म्हणाली. "ऐका, ती काय म्हणतीय."

"दगड वर्कशॉपच्या डाव्या कोपऱ्यापासून अठ्ठावीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर होता आणि उजव्या कोपऱ्यापासून एकतीस दहा. आत्ता मोजून बघा. बसणार नाही."

कुलथ्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "हे आकडे तुला कुणी दिले?"

"मी दिले," मागून आवाज आला.

खांबेटे सर होते. काखेत कापडी पिशवी, हातात टेप. पिशवीतून त्यांनी वह्या काढल्या आणि कुलथ्यांच्या हातात एकेक करून ठेवल्या. मग ते वर्कशॉपच्या डाव्या कोपऱ्याकडं चालत गेले, टेपचं शून्य भिंतीला टेकवलं आणि तिथून, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं ओरडले, "यमुना, घे!"

मी टेप ताणली. अठ्ठावीस चाळीसवर खिळा धरला आणि मातीत कमान ओढली. सर उजव्या कोपऱ्याला गेले. एकतीस दहावर दुसरी कमान. दोन्ही कमानी जिथं एकमेकींना कापत होत्या, तिथं गाजरगवताचं बेट माजलं होतं. घागरीच्या दगडापासून कॉलेजच्या बाजूला बरोबर सतरा फूट आत.

रांगेतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. बोंद्रे साहेबांचा चेहरा आवळला. "खांबेटे, तुमच्याशी मी नंतर बोलतो. कुलथे, पोरांच्या सरावाच्या वह्यांवर सरकारी हद्द ठरते का?"

कुलथे वह्या चाळत होते. माणूस कडक होता, पण लबाड नव्हता, हे मला आज कळतं. ते म्हणाले, "नाही ठरत. मुली, तुझं मोजणं चोख आहे. पण आमच्याकडं दगड प्रमाण. हा दगड मी स्वतः हलवून पाहिला. खडी-चुन्यात बसलेला आहे. वीस वर्षं जागचा हललेला नाही, हे कुणीही सांगेल."

"त्यो म्या बसवलाय," अव्वा म्हणाली.

सगळ्यांच्या माना अव्वाकडं वळल्या.

"दोन वर्सं झाली. तुमच्या ट्रकनं उलथला व्हता. नालीतनं म्या काढला, हितं आणला, घागर ठिवायला बसवला. वीस वर्सं हलला नसंल असं दिसतंय नव्हं? मग काम बरं झालंय म्हणायचं."

"मीही होते," मी म्हटलं.

"ही नव्हती," अव्वा म्हणाली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरले.

"बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का?" कुलथे म्हणाले. "गुन्हा कबूल करताय."

"कळतंय की. काल तुमीच तर समजावून सांगितलं."

बोंद्रे साहेबांना जोर चढला. "लिहून घ्या, कुलथे! कबुली लिहून घ्या. आणि जुनी जागा हीच कशावरून? घर वाचवायला बाई काहीही बोलेल. पुरावा काय?"

"खणा," अव्वा म्हणाली.

"काय?"

"पोरीनं जिथं फुली मारली, तिथं खणा. दीड हात खाली कोळसा लागंल. न्हाई लागला तर आत्ताच्या आत्ता घर पाडून देते, पंधरा दिस कशाला."

कोळशाचं मला तिनं कधी सांगितलंच नव्हतं. माझी मोजणी एक फूट जरी चुकली असेल तर? टेप ढिली धरली असेल तर? पण कुलथ्यांकडं बघितलं तर त्यांनी छत्री मिटली होती.

"कोळसा घातला होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी हळू विचारलं.

"सांगंल कोण? पाटी म्याच आणली डोईवर. नवी सून व्हते. मामा म्हणाले, हद्दीच्या दगडाखाली कोळसा घालायचा. लाकूड कुजतंय, हाड कुत्रं नेतंय, कोळसा शंभर वर्सं मरत न्हाई."

तिनं कुणाची वाट बघितली नाही. पदर खोचला, आमच्या दारातली पहार आणली आणि गाजरगवत उपटून खणायला लागली. वरची माती निघाली, मग ट्रकवाल्यांनी बुजवलेली खडी आणि विटांचे तुकडे. हातभर खोल गेलं तरी मातीच. बोंद्रे साहेबांनी घड्याळ बघितलं. मी मनातल्या मनात अठ्ठावीस चाळीस, एकतीस दहा म्हणत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. अव्वानं पहारीचं टोक आणखी दोनदा मारलं आणि तिसऱ्या घावाला आवाज बदलला, करकरला. पहार वर आली तेव्हा तिचं टोक काळं होतं.

कुलथे त्या स्वच्छ पँटीनिशी मातीत गुडघे टेकून बसले. हातानं माती सारली. चांगला ढिगारा होता कोळशाचा, पाटीभर. त्यांनी एक तुकडा उचलला आणि आपल्याच नकाशाच्या कागदाच्या कडेला घासून बघितला.

"आमच्या खात्याची जुनी पद्धत," ते उभं राहत म्हणाले. "मी फक्त वाचून होतो, डोळ्यांनी आज बघितली." मग अव्वाकडं वळले. "पण बाई, तुम्हाला जर ठाऊक होतं की हा हद्दीचा दगड आहे, तर हलवलात कशाला?"

अव्वाला तो प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, तिचं तोंड तसं झालं.

"हद्द दगडात कुठं असती, साहेब? हद्द कोळशात. दगड म्हंजी निसती टोपी. टोपी काढून खुंटीला टांगली म्हणून माणूस खुंटीवर जातंय व्हय? कोळशाला म्या बोट लावलं न्हाई. वर दगड न्हाई म्हणून मोजायला शिकलेली माणसं चुकतील, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. चुकलं माझं."

आधी खांबेटे सर हसले. मग एकदम सगळी रांग हसली. बोंद्रे साहेब तेवढे हसले नाहीत.

पंचनामा नळाच्या कट्ट्यावर बसूनच झाला. कुलथे लिहिता लिहिता थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी 'अज्ञात इसमाने दगड हलवला' असं लिहितो. तुमच्यामागं लचांड नको."

"अज्ञात म्हंजी?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"माहीत कसं न्हाई? तिम्मव्वा मारुती अलकुंटे. उद्या हे साहेब म्हणतील, अज्ञात माणसाचं काय खरं धरता? नाव घाला. आणि कारण बी घाला, घागर ठिवायला."

त्यांनी घातलं. तिनं अंगठा दिला, बाजूला थोडा कोळसाही लागला. पुढं तिला तीनदा कचेरीत उभं केलं, शेवटी समज देऊन सोडलं. तीनही वेळा ती लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून गेली, लग्नाला गेल्यासारखी. दगड परत कोळशावर गेला. नळावर अव्वानं दुसरा घडवून बसवला, त्याच्या तोंडावर मुद्दाम कसलीही खूण न ठेवता.

पण भिंत झालीच. खऱ्या रेघेवर, सहा फूट उंच, काळ्या दगडाची. अव्वानं साहेबांना जाऊन विचारलं होतं, भिंतीत एक लहान दार ठेवता का, पोरीला कॉलेजात यायला बरं. साहेब म्हणाले, गेट पुढच्या बाजूला आहे, सगळ्यांना तेच. पुढच्या गेटाला वळसा घालून जायचं म्हणजे पाऊण तास.

"बरं," अव्वा म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती 'बरं' म्हणणारी बाई नव्हती.

दगडाचं काम म्हटल्यावर ठेकेदार माणसं आणणार कुठून? आमच्याच रांगेतून. अव्वा रोज पहाटे कामाला जायची. महिन्याभरात भिंत उभी राहिली. साहेब बघायला आले आणि आमच्या घरामागं येऊन थबकले. तिथं भिंतीतून पाच-सहा लांब दगड दोन्ही अंगांना वीतभर बाहेर आले होते, एकाच्या वर एक, जरा जरा सरकून.

"हे दगड बाहेर का आलेत?"

"भिंतीला बळ," अव्वा म्हणाली. "आरपार दगड लागतात मधी मधी. न्हाईतर पोट काढती भिंत."

"मग बाकीच्या भिंतीत कुठं बाहेर आलेत?"

"तिथं जिमीन घट्ट हाय."

साहेबांना दगडातलं काय कळणार! मान हलवून गेले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी फॉर्म घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. कागदावर ओच्यातल्या घड्या पडल्या होत्या आणि एका कोपऱ्याला हळद. त्यांनी गुण बघितले, नाव बघितलं आणि नावापाशी बराच वेळ थांबले. नाकारायला कारण शोधत असतील, पण एक्क्याण्णव गुण खोडता येत नाहीत.

"तुमची वस्ती मागच्या बाजूला," ते म्हणाले. "गेट लांब पडेल. साडेसातची घंटा चुकली तर आत घेत नाही मी."

"चुकणार नाही, सर. दोन मिनिटांत येते."

"दोन मिनिटांत? कुठून?"

मी माझा पाय जरा पुढं केला. चपलेला भिंतीच्या ओल्या चुन्याचा पांढरा डाग होता. साहेबांनी डागाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खिडकीतून लांब मागच्या भिंतीकडं. त्यांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू पायरी पायरीनं चढत गेलेलं मला दिसलं.

"बळ," ते म्हणाले.

"हो सर. तुम्ही विचारलं होतं ना, कॉलेजला चिकटून राहून फायदा काय म्हणून."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली. मी फॉर्म घेतला, त्यांना नमस्कार केला आणि आले तशीच भिंतीवरून घरी गेले. अव्वा चुलीपुढं बसली होती, तव्यात भाकरी होती.